घरच्या ध्वनिमुद्रणासाठी डायनॅमिक माइक निवडताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरातल्या खोलीत बसून गाणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय आता कोल्हापुरातल्या कोणत्याही पेठेत पोहोचली आहे. लॅपटॉप, एक लहानसा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि एक माइक एवढ्या सामग्रीवर तरुण शाहीर आपले पोवाडे, भजनी मंडळे आपले अभंग आणि गायनाचे विद्यार्थी आपल्या बंदिशी मुद्रित करू लागले आहेत. गायन शिकवणारी शिक्षिका म्हणून मला याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र माइक घेताना या मंडळींना जो सल्ला मिळतो, तो त्यांच्या खोलीचा, आवाजाचा आणि हाताशी असलेल्या इंटरफेसचा विचार न करता दिलेला असतो, असे माझ्या वारंवार पाहण्यात येते. त्याविषयी आपल्या दैनिकातून चार गोष्टी मांडाव्यात, यासाठी हे पत्र.

'स्टुडिओत असतो तसा मोठा कंडेन्सर माइक घ्या', हा सर्वांत प्रचलित सल्ला. कंडेन्सर, म्हणजे बाहेरून वीज घेऊन चालणारा, बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक उत्तम असतो, याविषयी दुमत नाही. परंतु तो जिथे उत्तम ठरतो, ती खोली मुद्दाम बांधलेली, प्रतिध्वनी शोषणारी आणि रस्त्यापासून तोडलेली असते. शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या घरांतील खोल्या लहान, भिंती उघड्या, डोक्यावर काही ठिकाणी पत्रा आणि खिडकीखाली रिक्षांची वर्दळ. माझ्या एका विद्यार्थिनीला दुकानदाराने असाच एक महागडा कंडेन्सर माइक दिला. तिच्या पहिल्याच मुद्रणात आवाजाइतकीच स्पष्ट ऐकू आली ती समोरच्या भिंतीवरून परतणारी तिचीच तान आणि शेजारच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी. अशा घरांतून गाणाऱ्या बहुतेकांसाठी डायनॅमिक माइक हीच योग्य निवड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डायनॅमिक माइकची रचना साधी असते. आवाजाने पातळ पडदा हलतो, पडद्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते आणि त्यातून विजेचा अगदी सूक्ष्म दाब निर्माण होतो. कंडेन्सरला लागतो तसा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज, त्याला लागत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्याकडे हवेत जो ओलावा असतो, त्याने कंडेन्सरच्या कॅप्सूलमधून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागातून, चरचर येऊ लागते. डायनॅमिक माइक मात्र त्याची फारशी पर्वा करत नाही. शाहिराने खड्या आवाजात ललकारी दिली तरी तो सहजासहजी फाटत नाही, कारण एवढा जोर पेलण्यासाठीच त्याची बांधणी झालेली असते.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे मला फार गरजेचे वाटते. 'डायनॅमिक माइक खोलीचा आवाज पकडतच नाही', असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. हे खरे नाही. गायकापासून हातभर अंतरावर ठेवला, तर डायनॅमिक माइकही खोली तितकीच ऐकवतो. खरा फरक अंतराने पडतो. तोंड आणि माइक यांच्यातले अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) वाढतो. म्हणजे 40 सेंटिमीटरवरून 5 सेंटिमीटरवर आल्यास तो 18 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. डायनॅमिक माइक तोंडाला इतका जवळ धरता येतो, म्हणून खोली मागे पडते. तेव्हा ज्याला दूर बसून गायचे आहे, त्याने केवळ डायनॅमिक माइक विकत घेऊन काहीही साधणार नाही.

यालाच जोडून माइकच्या दिशेचा विचार करावा लागतो. गायनासाठीचे बहुतेक डायनॅमिक माइक कार्डिऑइड असतात. ते समोरचे सर्वाधिक आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतात. माइकच्या समोर गायक असतो आणि गायकाच्या पाठीमागे जी भिंत असते, तीही माइकच्या समोरच येते. तरीही मुले माइकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात आणि स्वतःच्या पाठीमागची भिंत उघडी ठेवतात. घरातल्या दोन जाड वाकळा दोरीवर टाकून गायकाच्या पाठीशी लावल्या, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो. पेटी स्वतः वाजवत गाणाऱ्यांनी माइक खालून वर, तोंडाकडे रोखलेला ठेवावा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडे होते. तोंड 5 सेंटिमीटरवर आणि पेटी 50 सेंटिमीटरवर असली, तर अंतरामुळेच 20 डेसिबलचा फरक पडतो आणि त्यात माइकच्या पाठीचा फायदा मिळतो. सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचा आणखी अरुंद पट्टा ऐकणारा, माइक घेतल्यास मात्र हे गणित बदलते, कारण तो सरळ पाठीमागचे थोडे ऐकतो आणि त्याची सर्वांत बहिरी बाजू तिरकस मागे असते. पंखा बंद करावा आणि हेडफोन कान पूर्ण झाकणारा असावा, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष निवडीविषयी. सध्या तरुणांमध्ये शूअर कंपनीच्या एसएम 7 बी या माइकची मोठी ओढ आहे. मूळ एसएम 7 हा 1973 मधला आणि त्याची ही आवृत्ती 2001 मधली. माइक निःसंशय चांगला आहे. त्याच कंपनीचा एसएम 58 हा 1966 पासून जगभरच्या रंगमंचांवर वापरात आहे आणि तो याच्या साधारण चौथाई किमतीत मिळतो. महाग माइक आणला की मुद्रण आपोआप सुधारेल, ही समजूत येथे गोत्यात आणते, कारण एसएम 7 बी हा एसएम 58 पेक्षाही मंद आवाज देणारा आहे. 94 डेसिबलच्या आवाजाला एसएम 58 सुमारे 1.85 मिलिव्होल्ट देतो, तर एसएम 7 बी अवघे 1.12 मिलिव्होल्ट. हलक्या आवाजातली आलापी माइकपाशी 74 डेसिबलवर आली, तर हे आकडेही एक दशांशावर उतरतात. एवढ्याशा दाबाला कामापुरते उंच करायचे, तर इंटरफेसमधल्या प्रीअँपने (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागाने) तो हजारपट, म्हणजे 60 डेसिबलने वाढवावा लागतो. या वाढीलाच गेन म्हणतात. एसएम 7 बी साठी तर कंपनीच किमान 60 डेसिबल गेन सुचवते.

अनेक जुन्या किंवा स्वस्त इंटरफेसमध्ये जेमतेम 50 ते 56 डेसिबल गेन असतो आणि नॉब शेवटपर्यंत फिरवल्यावर आवाजाबरोबर सूंऽऽ असा खरखरता पडदा येतो. मग माइक सदोष निघाला, असा निष्कर्ष काढला जातो आणि त्याच्यासोबत 20-25 डेसिबल वाढवणारे बूस्टर विकत घेतले जाते. या बूस्टरला फँटम पुरवठा लागतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. म्हणून माझा आग्रह असा, की माइक पाहण्याआधी आपल्या इंटरफेसच्या माहितीपत्रकात माइक गेनचा आकडा वाचावा. तो 60 च्या पुढे असेल, तर कोणताही डायनॅमिक माइक चालेल. 56 च्या आसपास असेल आणि आवाज खडा असेल, तर एसएम 58 सारखा माइक पुरेसा आहे. उरलेले पैसे मजबूत स्टँड, चांगली एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची केबल) आणि पॉप फिल्टर (तोंडाचा वारा अडवणारी जाळी) यांवर खर्च करावेत. फ, भ, ध यांसारख्या उच्चारांचा वारा थेट पडद्यावर आदळू नये म्हणून माइक तोंडाच्या किंचित बाजूला वळवून ठेवला, तरी पुष्कळ फरक पडतो.

आवाजाच्या जातीचाही विचार व्हायला हवा. कार्डिऑइड माइकच्या अगदी जवळ गेल्यावर खालचे स्वर फुगतात. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज मानून, गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा आणि त्याचा मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्झचा. हे स्वर तोंड माइकला टेकवून गायले, की शब्द दबून नुसता घुमारा उरतो. अशा आवाजाने थोडे मागे सरावे किंवा खालचे स्वर कापणारी कळ असलेला माइक निवडावा. एसएम 7 बी वर ती कळ आहे. इलेक्ट्रो-व्हॉइसचा 1968 मधला आरई 20 तर हा फुगवटाच टाळण्याच्या हेतूने घडवलेला आहे. तो आणि एसएम 7 बी हे दोन्ही पाऊण किलोच्या आसपास भरतात, त्यामुळे हलका स्टँड त्यांना पेलत नाही. उलट काळी चारमध्ये गाणाऱ्या, किंचित पातळ आवाजाच्या मुलींना जवळ जाण्याने आलेला भरीवपणा खुलून दिसतो. हे कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. स्वतः गाऊन, मुद्रण ऐकूनच ते कळते.

डायनॅमिक माइक सर्वत्र चालेल, असा माझा दावा मुळीच नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँसाहेब ज्या नगरीत राहिले, त्या नगरीत ख्याल शिकणाऱ्यांना मी हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) संपताना श्वासात विरत जाणारा स्वर, तानपुऱ्याच्या वरच्या तारांची झळाळी आणि दूर बसून घेतलेला संथ विस्तार यांसाठी, खोली शांत असेल तर, कंडेन्सरच घ्यावा. वेटोळ्याच्या वजनामुळे डायनॅमिक माइकचा पडदा सूक्ष्म हालचालींना तितका चटकन प्रतिसाद देत नाही. पोवाडा, लावणी, भजन, भावगीत आणि चित्रपटगीत या गायकीला मात्र ही उणीव जाणवण्याचे फारसे कारण नाही.

खरेदी करताना नकली मालापासून सावध राहावे. एसएम 58 च्या हुबेहूब नकला सर्वत्र विकल्या जातात. अस्सल माइकचे वजन 298 ग्रॅम असते आणि घरातल्या काट्यावर ते पाहता येते. वजन बरोबर भरले म्हणून माइक अस्सलच आहे असे नव्हे, पण ते चुकले तर शंका घ्यायला जागा आहे.

राहिला प्रश्न ऐकून निवडण्याचा. आपल्या शहरात चपला पायात घालून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही. माइक मात्र खोक्यात बंद असतानाच घेतला जातो. वाद्यविक्रेत्यांनी दुकानात दोन-तीन डायनॅमिक माइक आणि पुरेशा गेनचा एक इंटरफेस मांडून ठेवावा आणि ग्राहकाला स्वतःच्या आवाजात एक ओळ गाऊन, ती हेडफोनवर ऐकू द्यावी. गायन समाज देवल क्लब आणि शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग या दोन्ही संस्थांना माझी विनंती आहे, की त्यांनी गणेशोत्सवापूर्वी, जेव्हा शहरातली मंडळे आणि शाहीर आपली गाणी मुद्रित करण्याच्या तयारीत असतात, त्या सुमारास एखाद्या दिवशी अशी सोय सर्वांसाठी खुली करावी. त्यासाठी ध्वनिरोधक दालनाची गरज नाही. साधी, पेठेतल्या घरासारखीच खोली असली, तर तिथे ऐकलेले घरी गेल्यावरही खरे ठरेल.

आपली,
गायन शिकवणारी एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर