तुरुंगात रक्त घेतलं, आता रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली लॅब टेक्निशियन. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या टीमबरोबर तुरुंगातल्या तपासणी शिबिरांना जात होते. मोबाइल, पर्स, पदराची सेफ्टी पिनसुद्धा गेटवर काढून ठेवायची आणि सुयांचा डबा मात्र मोजून आत न्यायचा, मोजूनच बाहेर आणायचा. एक सुई कमी भरली की ती सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

तुमच्या खात्याकडे माझं मागणं हिपॅटायटिस सीच्या एका रिपोर्टपुरतंच आहे. पण तो रिपोर्ट काय होता हे आधी सांगावं लागेल.

समोर बसलेल्याचा हात बघितला की आम्हाला बरंच कळतं. काहींच्या कोपरात नस सापडतच नाही, बोटाला नुसती कडक दोरी लागते. ती नशेच्या इंजेक्शनची खूण. त्यांना गर्दुल्ला म्हणून समाज मोकळा होतो. पण त्याच रांगेत मनगटावर ‘आई’ गोंदवलेली पोरंही असतात. एकाला विचारलं, कुठे काढलंस रे? म्हणाला, “इथंच मॅडम, बराकीत. शिवणाची सुई आणि रिफिलची शाई. एका सुईत आठ जणांचं झालं.” एका ब्लेडवर किती दाढ्या होतात ते मी विचारलंच नाही.

हिपॅटायटिस सी हा यकृत खराब करणारा व्हायरस रक्तातून रक्तात जातो, आणि सुकलेल्या थेंबातही काही आठवडे टिकू शकतो. ताटातून, पाण्यातून, हातात हात दिल्याने तो होत नाही. आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे होणार आणि मग कुणीतरी माळ घालायला नेणार, ही समजूत पक्की. सीमध्ये बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. पंधरा-वीस वर्षं माणूस धडधाकट दिसतो, आत यकृत दगडासारखं होत जातं आणि पोटात पाणी भरल्यावर घरच्यांना कळतं. हिपॅटायटिस बीला लस आहे, सीला नाही. पण सीला औषध आहे, आणि ते नुसतं दाबून ठेवणारं नाही. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, रोज एकेक गोळी, ८४ दिवस. शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात, कायमचे. व्हायरस ओळखला गेला १९८९ साली, त्याबद्दल नोबेल मिळालं २०२० साली; औषध त्याच्या आधीच आलं होतं. अमेरिकेत सुरुवातीला सोफोस्बुविरची एक गोळी हजार डॉलरला विकली गेली. आपल्याकडे जेनेरिक आली, आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. म्हणजे तुमच्या खात्याकडे नाही असं यात काहीच नाही. तरी माणूस हातातून निसटतो, तो मधल्या वाटेवर.

पहिली चाचणी बोटाच्या टोकावरच्या रक्ताची, वीस मिनिटांची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे व्हायरस कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच. काहींचं शरीर त्याला पहिल्या सहा महिन्यांत स्वतःच हुसकावून लावतं, तरी ही चाचणी जन्मभर पॉझिटिव्ह येत राहते. आज व्हायरस आहे की नाही हे कळायला आरएनए चाचणी लागते, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते. त्यानंतर रक्तातलं एसजीओटी (यकृताची चाचणी), प्लेटलेट पाहून यकृताचा अंदाज घ्यायचा. मग गोळ्या. बाहेरच्या माणसाला यात तीन-चार खेपा पडतात. आतल्या माणसाला प्रत्येक खेपेला पोलिसांची पार्टी, म्हणजे पहाऱ्याला सोबत जाणारे पोलीस, लागतात. बंदोबस्त असला की पार्टी नाही. गणपती आहे, पार्टी नाही. अधिवेशन आहे, पार्टी नाही.

माझ्या डोक्यात अडकलेला मुलगा चोविसेक वर्षांचा, चोरीच्या गुन्ह्यातला कच्चा कैदी. शिबिरात त्याची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. व्हायरल लोडसाठी त्याला रुग्णालयात आणायचं होतं. दोन तारखा पार्टीअभावी गेल्या. तिसऱ्यांदा आणला, मी स्वतः रक्त घेतलं. हातात बेडी, तिची साखळी शिपाईदादांच्या पट्ट्यात. नस शोधताना मला म्हणाला, “मॅडम, आईला सांगू नका हां.” मी म्हटलं, आधी रिपोर्ट तरी येऊ दे. रिपोर्ट आला तेव्हा लोड लाखात होता, आणि मुलगा चार दिवसांपूर्वी जामिनावर सुटला होता. कागदावर लिहिलेला नंबर त्याच्या वकिलाच्या कारकुनाचा निघाला. तुरुंगात फोन केला तर म्हणाले, आता तो आमचा नाही. ओपीडीत विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे त्याचा केसपेपर निघालेलाच नाही. दोघांचंही बरोबरच होतं.

साहेब, ही एकट्याची गोष्ट असती तर पत्र लिहिलं नसतं. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारात तीन. शिक्षा झालेल्याचा सुटण्याचा दिवस आधी कळतो, त्याच्या ८४ गोळ्यांचा हिशेब बसतो. कच्च्या कैद्याचा दिवस जामीनपेटीत असतो, म्हणजे जामिनाचे कागद टाकायच्या तुरुंगाच्या पेटीत. आर्थर रोडची ती पेटी २०२१ साली टीव्हीने अख्ख्या देशाला दाखवली. पेटी उघडली, कागद निघाला, की संध्याकाळपर्यंत माणूस रस्त्यावर. जामीन ही त्याच्या घरी पेढे वाटण्याची बातमी, आणि उपचाराच्या दृष्टीने तोच सगळ्यात वाईट दिवस. गोळ्या २८ च्या बाटलीत येतात, महिन्याला एक. पहिली बाटली अर्धी असताना जो सुटतो, त्याची उरलेली बाटली आतल्या दवाखान्याच्या कपाटातच राहते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अभ्यासात जगभरातल्या कैद्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांना हिपॅटायटिस सीची लागण असल्याचा अंदाज होता. देशादेशात हा आकडा खूप बदलतो, त्यामुळे तो आपल्याला जसाच्या तसा लावू नये. पण बाहेर हजार माणसं तपासून जेवढे सापडतील, त्याहून किती तरी जास्त आत हजारांत सापडतील, हे कळायला टेक्निशियन असावं लागत नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या चार तुरुंगांत सापडेल त्याला औषध दिलं, तर तिथली नवी लागण जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे एकाला बरं केलं की त्याच्या सुईतून ज्याला होणार होतं, तोही वाचतो. सुटल्यावर या माणसाला बायको आहे, गल्लीतला न्हावी आहे. “कैद्यांवर कशाला खर्च?” असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगा.

आता माझं मागणं. १८९४ च्या कारागृह कायद्यापासूनच आत येणाऱ्या बंद्याची वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. त्याच दिवशी, एचआयव्हीची चाचणी विचारतात तशीच सीची विचारा. विचारा म्हणते, सक्ती नको. आणि तेव्हाच दुसरी ट्यूब भरून ठेवा. पहिली पॉझिटिव्ह आली तर त्याच रक्ताचा व्हायरल लोड व्हावा. बर्फाच्या डब्यातून ट्यूब जाऊ शकते, तिला पोलिसांची पार्टी लागत नाही. यंत्रंही नवीन घ्यायला नकोत. टीबीसाठी बसवलेल्या सीबीनॅटमध्ये वेगळं कार्ट्रिज, ट्रूनॅटमध्ये वेगळी चिप टाकली की सीचा लोड मोजता येतो. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. टीबीवरून आठवलं, टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असलेल्याला या गोळ्या चालत नाहीत, म्हणून टीबीचं आणि हे रजिस्टर एकाच टेबलावर असू द्या.

एका तुरुंगात पॉझिटिव्ह आलेल्यांची नावं बराकीसमोर मोठ्याने पुकारलेली मी ऐकली आहेत. त्या संध्याकाळपासून त्यांची ताटं वेगळी झाली. पुढच्या शिबिरात त्या बराकीतून एकही माणूस रक्त द्यायला उठला नाही. तुरुंगाचं नाव लिहीत नाही, कारण ज्याने पुकारलं तो दुष्ट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ब्लेड ज्याचं त्याचं हवं, हेही कुणीतरी सांगायला लागेल. नशा सुटण्यासाठी बाहेर जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, ती आत गेल्यावर बंद पडता कामा नये.

तुरुंग गृहखात्याचे, गोळ्या तुमच्या, आणि इंजेक्शनवाल्यांचं काम एड्स नियंत्रण संस्थेकडे. तिघांची फाइल तीन टेबलांवर. नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने) २०२३ मध्ये एचआयव्ही, टीबी आणि हिपॅटायटिसची तपासणी तुरुंगांत एकत्र करायची मोहीम काढली, ती चांगलीच होती. पण मोहीम संपते आणि माणसं रोज आत-बाहेर करत राहतात. म्हणून गृहमंत्र्यांबरोबर बसून एक साधं परिपत्रक काढा: सुटकेच्या वेळी गेटवर घड्याळ, पाकीट, पट्टा परत देतात ना, त्याच सहीबरोबर उरलेल्या सगळ्या गोळ्या आणि त्याच्या जिल्ह्यातल्या उपचार केंद्राची चिठ्ठी हातात द्यायची. आणि आत येतानाच त्याला विचारून एक नंबर लिहून घ्यायचा, वकिलाचा नव्हे, घरचा.

तो मुलगा कुठे आहे मला माहीत नाही. निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा केला तेव्हा त्याच्या रिपोर्टची प्रत माझ्या हातात आली. नियमाप्रमाणे ती मी घरी नेऊ शकत नव्हते आणि फाडवतही नव्हती. शेवटी माझ्या जागी आलेल्या मुलीच्या हातात दिली. तिने विचारलं, “ताई, याचं करायचं काय?” तिला काय सांगू, ते आपल्या खात्याने कळवावं.

कळावे,
आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन