आईच्या कानासाठी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, तुझा कान लहानपणापासून वाहतो, म्हणून घरात कुणालाच त्याचं काही वाटेनासं झालंय. पण परवा फोनवर म्हणालीस की पाण्याला घाण वास येतो आणि मधूनच गरगरतं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. सर्दीबरोबर येणारं बिनवासाचं पाणी वेगळं आणि हे वेगळं. अशा कानात कधीकधी पडद्याआड कातडीचे पापुद्रे साचून गाठ होते आणि ती आजूबाजूचं हाड कुरतडते. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, मेंदूही लांब नाही. थेंबांनी पाणी थांबेल, गाठ थांबणार नाही. तुला तीच असेल असं नाही, पण याच आठवड्यात दाखवायला हवं.

बाबा, मिरज तुम्हाला जवळ. एम.एस. किंवा डी.एन.बी. झालेला नाक-कान-घसा सर्जन बघा आणि संकोच न करता विचारा, "मॅस्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का?" टॉन्सिल काढणारे पुष्कळ आहेत, कानाच्या हाडात रोज काम करणारा हात मला हवाय. आधी कान साफ करून दुर्बिणीतून नीट बघायला हवा, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याची तपासणी हवी, गरज वाटली तर सीटी स्कॅन. यातलं काहीच न करता ऑपरेशनची तारीख देणारा डॉक्टर नको. "ऐकू येईल का?" हेही विचारा. गाठ निघाली, तर आधी ती पूर्ण काढून कान कोरडा करायचा, ऐकण्याचं त्यानंतर, असं जो स्पष्ट सांगेल त्याच्यावर माझा भरवसा बसेल.

खर्चाची काळजी करू नका. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही दाखवता येईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आई, लसणाचं तेल आता कानात अजिबात घालू नकोस. डोक्यावरून पाणी घेताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेव. तोंड वाकडं झालं, ताप आला, डोकं फार दुखलं किंवा चक्कर वाढली, तर रात्र असली तरी थेट दवाखान्यात जा आणि तिथूनच मला फोन करा.

डॉक्टर ठरला की कळवा, तपासणीला मी येतेच. ऑपरेशन ठरलं तर रजा टाकून राहीन.

तुमची,
सुमा