दूध पुरतंय, मंजू

कल्याण,
९ जुलै

प्रिय मंजू,

काल फोनवर बाळ मागे रडत होतं, तू बोलता बोलता थांबत होतीस आणि शेवटी कशीबशी म्हणालीस, "सगळे म्हणतात, दूध पुरत नाहीये." फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहायला बसले. एका दमात वाचू नकोस, पाजायला बसशील तेव्हा थोडं थोडं वाच.

आधी एवढंच सांग, दिवसभरात लंगोट किती ओले होतात? पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा-सात वेळा लघवी होत असेल, शी पिवळी असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. रडण्यावरून ते ठरवायचं नसतं. जन्मल्यावर पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. तुझ्या बाळाचं भरून निघालंय, तूच सांगितलंस. उद्या वजन अडलं, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि त्यांनी वरचं दूध सांगितलं तर मन खात न बसता दे.

संध्याकाळचं म्हणशील, तर त्या वेळेला बहुतेक बाळं तासन् तास अंगावरून सुटत नाहीत. पाच मिनिटं पितात, रडतात, पुन्हा मागतात. आणि बाळ बघायला माणसंही नेमकी संध्याकाळीच येतात. त्यांना दिसतं ते हेच बाळ. पहाटे पोट भरून, मुठी सैल सोडून झोपलेलं बाळ तुझ्याशिवाय कोण बघतं? दूध जितकं ओढलं जाईल तितकं तयार होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना "रात्रीची एकच बाटली" सुरू केली की तेवढी ओढ कमी होते, आणि मग दूध खरंच कमी पडायला लागतं. रात्री तर दूध वाढवणारं संप्रेरक जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नकोस.

चिरा पडल्यात म्हणालीस. ओजसच्या वेळी मी दात आवळून पाजायची. प्रसूतिगृहातल्या रात्रपाळीच्या सिस्टरनी ते पाहिलं आणि माझ्या पाठीशी उशी लावून शेजारी बसल्या. म्हणाल्या, तुम्ही वाकू नका, बाळाला वर आणा. त्याचं पोट माझ्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. स्तनाग्र वरच्या ओठाला नुसतं टेकवायचं आणि थांबायचं. तो चुळबुळ करतो, जिभेनं चाचपतो, तरी थांबायचं. जांभईएवढं तोंड उघडलं की त्याला पटकन जवळ घ्यायचं. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, खाली जवळजवळ नाहीच. आधी भराभर ओढलं त्यानं, मग पान्हा फुटला आणि ओढणं संथ झालं. प्रत्येक ओढीला घोट गिळल्याचा बारीक आवाज. दुखणं तिथंच कमी झालं. नीट लागलं नाही तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि पुन्हा लाव. ओढून काढू नकोस. दूध साकळून गाठ आली तरी पाजणं थांबवायचं नाही. ताप आला तर मात्र लगेच दाखव.

काकूंच्या हातचे अळिवाचे-डिंकाचे लाडू पोटभर खा, बाळंतिणीला भूक सपाटून लागते. पण बाळाला मध, घुटी, वरचं पाणी काही नको. उन्हाळ्यातसुद्धा नको, अंगावरच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. सहा महिने फक्त दूध. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. काकूंना हे तू सांगू नकोस, मी आल्यावर सांगते.

"तुझं दूध पाण्यासारखं पातळ आहे" असं कोणी बाळंतिणीला म्हटलं की माझं डोकं फिरतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. कमी दिवसांच्या, तळहाताएवढ्या बाळांसाठी दुसऱ्या बायांचं हेच दूध तिथं जपून ठेवतात आणि मिलिलिटर मोजून देतात. इतकं मोल आहे त्याचं.

कामावर परतायची धास्ती आत्ताच घेऊ नकोस. सव्वीस आठवड्यांची रजा तुझ्या हक्काची आहे, आणि पुढेही बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी कायद्यानं मिळते. आमच्या कचेरीत जागा नव्हती, मी फायलींच्या खोलीला आतून कडी लावून दूध काढायची. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असू शकतो, तर कचेरीत का नसावा? मी मागत राहिले, माझ्या मागून आलेल्या मुलीला ती खोली मिळाली. काढलेलं दूध फ्रीजमध्ये आत ठेवायचं, दारात नाही. गॅसवर कधी तापवायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवायची. सासूबाई बोंडल्यानं पाजायच्या, बाटली लागलीच नाही आम्हाला.

आणि मुक्ता! ती दोन वर्षांची होऊन गेली तरी पीत होती, हे तुला माहीत आहे. "आता त्या दुधात काय राहिलंय?" हे मी लग्नात ऐकलं, लिफ्टमध्ये ऐकलं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते, पण मी तेवढ्यासाठी पाजत नव्हते. ती खेळता खेळता पडली की धावत यायची, उभ्या उभ्याच दोन घोट घ्यायची, एका हातानं माझ्या मंगळसूत्राचे मणी फिरवायची आणि "झालं" म्हणून पुन्हा पळायची. जुलाब लागले तेव्हा पेज नको, पाणी नको, फक्त हेच पोटात राहिलं. ते दिवस मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

तोडताना शेजारच्या आजी म्हणाल्या, कोरफड लाव. मला ते जिवावर आलं. जिथं ती विश्वासानं तोंड लावते तिथं कडू का ठेवायचं? आधी दुपारचं बंद केलं, त्या वेळी तिला खाली न्यायचं. मग रात्रीचं. रात्री मंदार तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरायचा, ती त्याच्यावर रुसायची, पण झोपायची. सकाळचं तेवढं राहिलं आणि हळूहळू तीच विसरत गेली. त्यानंतर मला मात्र काही दिवस उगाच भरून यायचं. शरीरातही बदल होत असतो तेव्हा. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला आत्ताच सांगून ठेवते.

मंजू, पाजणाऱ्या बाईला सल्ले भरपूर मिळतात आणि पाण्याचा तांब्या कोणी हाताशी ठेवत नाही. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, दुपारी तुला तास-दोन तास झोपू देणं, हे सगळं नितीन करू शकतो. त्याला स्पष्ट सांग. नाही जमलं तर हे पत्र त्याच्या हातात दे.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटीनं येते, रविवारपर्यंत राहीन. स्वयंपाक माझ्याकडे. दाराची बेल वाजली तर उठायचं नाही, आल्या-गेल्याचं मी बघेन. येताना गोल मोठी उशी आणते, मुक्ताच्या वेळची, धुऊन ठेवली आहे.

तुझी,
शुभा