छत्री-किटमधील चुकीचा कोन-तक्ता आणि हलकी केबल यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: १४ छत्री-किटमधील सदोष साहित्य बदलून मिळणेबाबत

महोदय,

यावल तालुक्यातील आमच्या गावात १४ घरांनी मिळून आपल्या कंपनीची छत्री-किटे मागवली. दूरदर्शनच्या मोफत वाहिन्यांसाठी ६० सेंटिमीटरची छत्री (डिश अँटेना), एलएनबी (छत्रीपुढे बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), २५ मीटर केबल, खांब, नट-बोल्ट आणि जोडणीचा कागद, एवढे साहित्य त्यात आहे. छत्रीचा पत्रा चांगला आहे, कुठे पोचा नाही. एलएनबीही सगळे चालतात. त्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार कागद, केबल आणि खांबाची आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान कागदाने केले आहे.

कागदावर उंचीचा कोन ५२ अंश, दिशा १४९ अंश आणि एलएनबीचा तिरपा (तो पकडीत किती फिरवून बसवायचा तो कोन) २७ अंश छापला आहे. हे आकडे दिल्लीचे आहेत. दूरदर्शनच्या मोफत वाहिन्या देणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला विषुववृत्तावर आहे, त्यामुळे दक्षिणेकडे यावे तसा तो आकाशात वर दिसतो. यावल-जळगावकडे उंची ५८ अंश, उत्तरेपासून मोजलेली दिशा १३८ अंश आणि तिरपा ३९ अंशांच्या आसपास लागतो. धुळ्याला उंची साधारण साडेसत्तावन्न, नंदुरबारला सत्तावन्नच्या आत, आणि दोन्हीकडे दिशा १३६ ते १३७. म्हणजे सगळ्या खान्देशाला एकच ओळ पुरली असती.

सहा अंशांचा फरक किरकोळ समजू नये. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत (आकाशाच्या जेवढ्या पट्ट्यातला सिग्नल ती पकडते तो) जेमतेम तीन अंश रुंद असतो. आपल्या आकड्यांवर छत्री बांधली की सेट-टॉप बॉक्सवर ‘स्ट्रेंथ’ची पट्टी भरते, कारण ती केबल आणि एलएनबी जिवंत आहेत एवढेच सांगते, ‘क्वालिटी’ (हव्या सिग्नलचा दर्जा) मात्र शून्यावर राहते. मग माणूस छत्री अंदाजाने फिरवत बसतो आणि ९५ अंशांवरच्या शेजारच्या उपग्रहावर अडकतो. तिथे सशुल्क सेवा आहे. सिग्नल भरपूर, पण आपल्या वाहिन्या लागत नाहीत. चौदापैकी पाच घरी हेच झाले.

शिवाय ५२ हा आकडा छत्रीमागच्या अंशांच्या पट्टीवर लावायचा की छत्रीच्या तोंडावर कोनमापक ठेवून मोजायचा, हेही कागदावर नाही. ही ऑफसेट छत्री आहे, म्हणजे ती तोंडाच्या सरळ रेषेत नव्हे, त्याहून वर बघते. ५८ अंशांवर बघणाऱ्या छत्रीचे तोंड उभ्या रेषेपासून सुमारे ३४ अंशच मागे कललेले दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस ती आणखी मागे पाडतो. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा बघायची तर लोखंडी खांबापासून चार पावले लांब उभे राहावे लागते, हीसुद्धा कागदावर हवी अशी ओळ आहे.

एलएनबीच्या पकडीवर अंशाच्या खुणाच नाहीत. तो सरळ बसवला तर सिग्नल दोन डेसिबलच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप) वर घटतो आणि दुसऱ्या ध्रुवणाचा (लहरींच्या आडव्या-उभ्या दिशेचा) सिग्नल त्यात मिसळतो. कोरड्या हवेत चित्र दिसते, पण पावसाचे ढग दाटले की चौकोन-चौकोन होऊन थांबते. छत्रीच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले, तर एलएनबी घड्याळाच्या उलट फिरवायचा, एवढे एक वाक्य पुरले असते.

आता केबल. खोक्यावर आरजी-६ (डिशच्या केबलचा प्रमाणित प्रकार) छापले आहे. सोलून बघितली तेव्हा मधली तार व्हर्नियरवर ०.८ मिलिमीटर भरली. आरजी-६ ची १.०२ मिलिमीटर असते. जाळीच्या तारा मोजल्या, ३२ निघाल्या, त्याही इतक्या विरळ की खालची पन्नी उघडी दिसते. गाभा पोलादाचा असण्याला आमची हरकत नाही. एवढ्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल तारेच्या वरच्या तांब्यातूनच जातो. हरकत जाडीला आहे. एलएनबीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो. त्यात चांगली आरजी-६ सुद्धा २५ मीटरला सहा-सात डेसिबल खाते, आणि ही बारीक केबल त्याहून दोन-तीन डेसिबल जास्त. पावसासाठी राखलेली शिल्लक इथेच संपते. टोकांना पिळून बसवायचे कनेक्टर दिले आहेत, रबरी टेप नाही. पहिल्याच वळवाच्या पावसानंतर तीन कनेक्टर उघडले, तर आत तांबे हिरवे पडले होते.

खांबाच्या पायाला फक्त काँक्रीटचे अँकर बोल्ट आहेत. आमच्याकडे निम्मी घरे धाब्याची. मातीच्या धाब्यात बोल्ट धरत नाही, आणि धरेल तिथे भोक पाडले की पाणी मुरते. केळी आडवी करणारा वारा इथे दर उन्हाळ्याच्या शेवटी येतो, त्यात डुलणारा खांब एका रात्रीत झोत हुकवतो. अशा घराला भिंतीवर ठोकायचा ब्रॅकेट लागतो. ऑर्डर देताना छताचा प्रकार आपल्या प्रतिनिधीने विचारला होता आणि तो आम्ही लेखी कळवला होता.

आमच्या मागण्या अशा: १४ घरांसाठी मिळून ३५० मीटर खरी आरजी-६ केबल, दाबून बसवायचे २८ कनेक्टर आणि टेप, अंशाच्या खुणा असलेल्या १४ पकडी, सात भिंतीचे ब्रॅकेट, आणि खान्देशाच्या आकड्यांचा मराठी कागद. हा कागद आपण जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पाठवलेल्या सगळ्याच ग्राहकांना द्यावा, कारण तेही आज गच्चीवर चुकीच्या कोनाशी झटत असतील. चुकलेली जोडणी सुधारायला आलेल्या आपल्या माणसाने घरटी ३५० रुपये घेतले, तेही परत करावेत.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू. बिलांच्या प्रती, सोललेल्या केबलचा तुकडा आणि आपला छापील कागद सोबत जोडला आहे.

आपले,
किटधारक ग्रामस्थ,
ता. यावल, जि. जळगाव