बंड्याला मोकळं सोडतो त्याबद्दल

वर्सोवा, गुरुवार
रात्रीचे सव्वादहा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

हृदयाचा आजार असलेल्या आपल्या कुत्र्याला, बंड्याला, मी किनाऱ्यावर मोकळं सोडतो म्हणून रविवारी तू चिडून फोन ठेवलास, तेव्हापासून हे सगळं मनात घोळतंय. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तुझा आवाज चढला की मी गप्प होतो, आणि फोन ठेवल्यावर उत्तरं सुचायला लागतात. म्हणून लिहायला बसलो. आई झोपली आहे. बंड्या माझ्या पायाशी, पंख्याखाली.

मावशीने किनाऱ्यावरचा तो व्हिडिओ पाठवला त्यात तिचं काही चुकलं नाही. बंड्या पळताना बघून तुला बरं वाटेल असं तिला वाटलं. मी तो नंतर पुन्हा पुन्हा पाहिला. बंड्या त्यात 13 सेकंद पळतो. कावळ्याच्या मागे जातो, कावळा उडतो आणि व्हिडिओ संपतो. त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस. तो स्वतःच थांबला आणि ओल्या वाळूत पोट टेकून बसला. मी शेजारी उकिडवा बसलो, बरगडीवर हात ठेवून, श्वास खाली येईपर्यंत. मग त्याचा ओठ वर करून हिरडी बघितली. गुलाबी होती. अंगठ्याने दाबली, पांढरी पडली, सोडल्यावर लगेच पुन्हा गुलाबी. हे तूच मला शिकवलंस ना? मी विसरलेलो नाही.

"बाबा, तुम्हाला त्याचा कंटाळा आलाय का?" असं तू म्हणालीस. ते मनाला लागलं. रागाच्या भरात माणूस बोलतो, मला कळतं. तरी लागलं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुझी काळजी थोडी कमी होईल. गणपतीत त्या रात्री त्याच्या फुप्फुसात पाणी झालं तेव्हा तू इथे नव्हतीस. आम्ही फोनवर तुला थोडंच सांगितलं. पाचव्या दिवसाचं विसर्जन होतं, रस्त्यावर ताशे, एक रिक्षा थांबेना. मी त्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून डॉक्टरांकडे चालत गेलो. तो मान ताणून, पुढचे पाय फाकवून श्वास घेत होता, आडवं व्हायलाच तयार नव्हता. ऑक्सिजन लावला, लॅसिक्सचं, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. पहाटे चारला तो पहिल्यांदा आडवा झाला. मी खुर्चीत बसून तुझा नंबर लावला होता. दोनदा लावला. तुझा फोन रात्री सायलेंटवर असतो. मग म्हटलं, आता बरा आहे, सकाळी सांगू.

हा विषय मी काढणार नव्हतो.

तर त्यानंतर तीन आठवडे त्याला मी खाली नेलंच नाही. फक्त गच्चीवर, शू-शीसाठी. लॅसिक्सने त्याला दर दोन तासांनी जावं लागतं, रात्रीसुद्धा. लिफ्ट बंद पडली होती त्या आठवड्यात 11 किलोंचा बंड्या खांद्यावर घेऊन तीन मजले चढलो-उतरलो, माझ्या गुडघ्याने तक्रार केली नाही. पण बंड्या बदलला. दाराशी तोंड करून पडून राहायचा. दोरीचा आवाज आला की कान हलायचे, आणि मी दोरी परत खुंटीला लावली की डोळे मिटायचा. ताटलीत उकडलेली कोंबडी तशीच. आईने हाताने भरवली तर तोंड फिरवलं. औषधाने छाती मोकळी झाली होती, आकडे चांगले होते, झोपेतले मिनिटाचे श्वास लिहायच्या तुझ्या तक्त्यात सगळ्या रकान्यांत 22, 24, 23. आणि कुत्रा मात्र रोज थोडा थोडा कमी होत होता.

तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. तुला न विचारता विचारलं, ती माझी चूक, तुला त्यात घ्यायला हवं होतं. ते म्हणाले, चालू दे त्याला, पण त्याच्या मर्जीने. चेंडू फेकायचा नाही, जिने नाहीत, उन्हात नाही, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती वाढायला लागली की उचलायचं. दम लागला, खोकला आला की तिथेच थांबायचं. मी किनाऱ्याचं विचारलं. म्हणाले, सकाळच्या गारव्यात न्या.

आणि दोरीबद्दल एक गोष्ट मला चालता चालताच कळली. दोरी लावली की तो माझ्या चालीने चालतो. मी थांबेन तिथे थांबतो, मी निघालो की धापा टाकत मागे येतो, कारण त्याला वाटतं आपण मागे राहायचं नाही. लहानपणापासूनची सवय. मोकळा असला की चार पावलं चालतो, वास घेतो, बसतो, माझ्याकडे बघतो, मग उठतो. त्याचं हृदय किती चालायचं ते तोच सांगतो, मी फक्त मागून जातो. मी दोरी हातात घेऊनच असतो, सोनू. पट्टा नाही, हार्नेसच घातलेला असतो, गळ्यावर ताण नको म्हणून. माझ्यापासून दहा-बारा पावलांच्या पुढे तो जात नाही. गेला तर मी हाक मारतो आणि अजून पहिल्या हाकेला वळतो.

वेळही मी बघून ठरवतो. तुझ्या आजोबांनी, अण्णांनी शिकवलेलं गणित आहे, तुला लहानपणी सांगितलं होतं, तू खेळ म्हणून करायचीस: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाला भरती, म्हणून अष्टमीच्या आसपास सकाळी जाण्यात अर्थ नाही, पाणी पायऱ्यांपर्यंत असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढचे दोन-तीन दिवस चांगले. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी सात-सव्वासातला पूर्ण ओहोटी. तेव्हा खालची वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत, त्याला जोर लावावा लागत नाही. कोरड्या वाळूत मी त्याला उतरवतही नाही, उचलून नेतो. महिन्यात असे सहा-सात दिवस मिळतात. त्या दिवसांवरून तू भांडलीस.

परत तेच. भांडलीस असं मी लिहायला नको होतं.

काल संध्याकाळी तुझी आठवीची वही सापडली. मागच्या पानावर तू बंड्याचं वजन लिहायचीस, दर रविवारी. 2013 च्या दिवाळीत आला तेव्हा एक किलो आठशे. आईने सांगितलं होतं, कुत्रा आणला तर त्याचं सगळं तू करायचं, आणि तू खरंच केलंस, परीक्षेच्या दिवसांतसुद्धा. मी बऱ्याचदा लोकांना सांगतो, माझ्या मुलीने तेराव्या-चौदाव्या वर्षी एक जीव सांभाळला. तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही.

आणि ते किनारा साफ करायचं! 2015 च्या ऑक्टोबरात अफरोज शाहांनी सुरू केलं, पुढच्या काही रविवारी आपणही गेलो. तेव्हा वर्सोव्याची वाळू दिसत नव्हती, नुसतं प्लास्टिक, गुडघ्यापर्यंत. तू हातमोजे घालून ओढत होतीस आणि बंड्या प्रत्येक वेळी एक चप्पल उकरून तुझ्या ढिगावर आणून टाकायचा, शेपटी गोल गोल. नंतर 2018 च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं निघाली त्याच वाळूतून. तेव्हा तू स्वतः त्याला आठवडाभर दोरीवर ठेवलंस. म्हणालीस, आता त्यांची पाळी. मला ते अजून आठवतं. सोडायचं कधी आणि धरायचं कधी ते तुला कळतं, म्हणूनच तुला एवढं समजावून सांगतोय.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात पहिल्यांदा नेलं होतं ते आठवतं? बांद्र्याला रिक्षा सोडून टॅक्सी केली, टॅक्सीवाला कुत्रा घ्यायला तयार नव्हता, तू त्याला विनवलंस. रांगेत पुढे एक बकरी आणि मागे पायाला पट्टी बांधलेला घोडा. बंड्या तुझ्या मांडीवर थरथरत होता आणि तू त्याला सांगत होतीस, इथे 1886 पासून प्राण्यांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, घाबरू नको. त्या दिवशी मर्मर, हृदयाच्या ठोक्यातला तो जादा आवाज, पहिल्यांदा कळली. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तो मोठा झालेला डावा कप्पा, ढिली झडप. तू मला रात्रभर वाचून दाखवलंस: 2016 चा तो अभ्यास, 360 कुत्री, पिमोबेंडन या हृदयाच्या औषधाने हृदय निकामी होणं साधारण 15 महिने लांबलं. म्हणालीस, बाबा, 15 महिने म्हणजे दोन दिवाळ्या येऊ शकतात. आल्या, बेटा. तुझ्या पहिल्या पगारातल्या गोळ्यांनी आल्या. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, खाण्याआधी एक तास, एकदाही चुकलेली नाही. आई त्याला अजून चपातीचा कडक पापुद्रा देते चोरून, मीठ नसतं त्यात, मी बघून न बघितल्यासारखं करतो. सुकट मात्र घरात आणणंच बंद केलंय.

आता एक सांगतो, उपदेश वाटला तर वाटू दे. लांबून काळजी करताना माणसाला फक्त आजार दिसतो. तुला तक्ता दिसतो, 24 का 28. सकाळी खारा वारा आला की तो नाक वर करून डोळे अर्धे मिटतो, ते तक्त्यात येत नाही. तू आकड्यांवर एवढा भर देतेस की… नाही, राहू दे. तो तक्ता नसता तर गणपतीत मला कळलंच नसतं. झोपेत 38 मोजले म्हणून मी उठलो. तू बरोबर होतीस. मला माफ कर, मी हे उगाच वाढवतोय.

खरं मला वेगळंच सांगायचं आहे आणि मी त्याच्याभोवती फिरतोय.

अण्णा गेले तेव्हा 1994 चा पावसाळा होता. मी कारशेडला नाइटला. गावाहून फोन समोरच्या बिऱ्हाडात आला रात्री दीडला. त्यांनी विचार केला, पोरगा कामावर आहे, सकाळी सांगू. भल्यासाठीच केलं त्यांनी. मला साडेसातला कळलं. कोकण रेल्वे तेव्हा गावापर्यंत आली नव्हती, एसटीने पोचेपर्यंत दुसरा दिवस. सगळं आटोपलं होतं. अंगणात फक्त ओली राख आणि त्यांची काठी भिंतीला टेकवलेली.

मला कोणी लगेच सांगितलं असतं तरी मी पोचलो नसतो, हे मला माहीत आहे. पण दीड ते साडेसात मी एका डब्याचे ब्रेक तपासत होतो आणि सहकाऱ्याशी हसत होतो, हे माझ्या मनातून गेलं नाही.

म्हणून फोन चालू ठेव, सोनू. रात्री सायलेंट नको. बाकीच्यांचे बंद कर, माझा आणि आईचा चालू राहील असं करता येतं म्हणे. तुझी झोपमोड होईल, सकाळी ऑफिस असतं, मला कळतं. आणि तो फोन किनाऱ्यावरून आला, मी त्याला मोकळं सोडलेलं असताना आला, तर तू मला काय म्हणशील याची मला भीती वाटते. ती भीती घेऊनच मी दोरी काढतो, दर वेळी. क्लिप उघडताना हात थांबतो. तो मान वळवून माझ्या हाताकडे बघतो, वाट बघतो. मग मी काढतो.

तू नको म्हणालीस तर नाही काढणार. हे मनापासून लिहितोय. त्याची मालकीण तू आहेस. फक्त एकदा येऊन बघ आणि मग सांग. रजा मिळत नसेल तर शनिवार-रविवार ये. पुढच्या शनिवारी द्वितीया आहे, साडेसहाला निघू. तिथे काळ्या रंगाचं एक तरुण कुत्रं असतं, त्याने आपल्या बंड्याला मित्र केलंय. ते त्याच्याभोवती गोल गोल धावतं आणि आपला मध्ये बसून मान फिरवत राहतो, दोन पावलं पुढे टाकतो, एकदा भुंकतो. तेवढं खेळणं. मग दोघं शेजारी बसतात.

आत्ता मोजले. मिनिटाला 24. पुढचा पाय हलतोय झोपेत. तू जेवलीस का, दुधी आणलास की पुन्हा मॅगीच, असं सगळं आई विचारायला सांगते.

तुझा,
बाबा

ता. क. — निळ्या हार्नेसचं पोटाखालचं बकल सैल झालंय, मी दोऱ्याने शिवलंय. तिकडे तसलाच मिळाला तर घेऊन ये. छातीचं माप 52 सेंटिमीटर, आज घेतलं.