ताई, खरखर आली आणि घसा शाबूत राहिला

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गाण्यात खरखरीत आवाज काढायला घशावर जोर लावण्याची जी चूक मी दीड वर्ष करत होते, ती करणारे अजून पुष्कळ असतील आणि त्यांना वेळेवर थांबवणारं कुणी भेटलं नसेल.

गाणं शिकायला आले त्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक ओळ खरखरीत आवाजात गाऊन दाखवली. जोर कमी पडतोय असं तुम्ही म्हणाल, अशी माझी समजूत. तुम्ही म्हणालात, "आता हीच ओळ अगदी हळू, स्वच्छ गा." ते मला जमेना. वरच्या स्वरांवर आधी नुसती हवा यायची, मग आवाज. "ही खरखर नाही, हा बसलेला घसा आहे," तुम्ही म्हणालात, आणि शिकवणी सुरू करण्याआधी मला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलंत. स्वरतंतूंना सूज होती, गाठी नव्हत्या. गाठी होण्याआधी थांबले, हे तुमचे पहिले उपकार.

सूज उतरल्यावर तुम्ही सुरुवात केलीत ती व्होकल फ्रायपासून. झोपेतून उठल्या उठल्या निघतो तसा, जुन्या दाराच्या करकरीसारखा आवाज. मी सवयीने हवा ढकलली आणि तो गायब झाला. पुन्हा ढकलली, पुन्हा गेला. तेव्हा तुम्ही कारण सांगितलंत: फ्रायमध्ये स्वरतंतू आखूड, जाड आणि सैल असतात, हवा अगदी थोडी लागते. बाईच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण 200 वेळा कंप पावतात, फ्रायमध्ये साधारण 20 ते 70 वेळाच, म्हणून एकेक टक् सुटा ऐकू येतो. जोर लावला की फ्राय मोडतो. म्हणजे माझी जोर लावण्याची खोड मोडायला याहून चांगला गुरू नव्हता! (आणि हो, फ्राय म्हणजे खरज नव्हे. खरजात स्वर भरीव आणि ठाम असतो. फ्राय त्याच्याही खाली, स्वर सुटल्यावर येतो. मी कितीतरी दिवस दोन्ही एकच समजत होते.)

मग मधल्या, सोयीच्या स्वरावर फ्रायमधून अलगद स्वच्छ स्वरात यायचं, शब्दाच्या तोंडाशी फ्रायचा कण ठेवायचा आणि लगेच सोडून द्यायचा. हे कित्येक आठवडे चाललं. कंटाळा आला होता, आज कबूल करते.

खऱ्या रास्पची, म्हणजे गाण्यात मुद्दाम आणलेल्या खरखरीची, गोष्ट मात्र तुम्ही उशिरा काढलीत, आणि ते बरोबरच होतं. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. खालून स्वर स्वच्छ चालू असताना या घड्या हलक्या जवळ आल्या की त्यावर खरखरीचा थर चढतो. रशियातल्या तुवा प्रदेशातल्या गायकांची 'कारगिरा' गायकी तुम्ही ऐकवलीत: तिथे या घड्या मूळ स्वराच्या निम्म्या गतीने कंप पावतात, म्हणून एक सप्तक खालचा घोगरा नाद उठतो. ते ऐकलं तेव्हा माझं कोडं सुटलं. मी इतके दिवस खालच्या स्वरतंतूंनाच एकमेकांवर रगडत होते.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे कळली: चांगली खरखर प्रत्यक्षात फार मोठी नसते. माईक जवळ धरला की तीच मोठी वाटते. ऐकणाऱ्याला जी ओरड वाटते, ती गाणाऱ्याच्या घशात बरेचदा वाटते त्याहून पुष्कळ हळू असते. हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं.

तुमचे नियम आजही वहीच्या पहिल्या पानावर आहेत. गळा गरम झाल्याशिवाय रास्प नाही. एका वेळी पाचच मिनिटं. खवखव, खोकला किंवा टोचल्यासारखं झालं की त्या दिवशी बंद, उद्या बघू. शेवटी एक वरचा स्वर अगदी हळू, 'ऊ'वर. तो स्वच्छ लागला तर आजचं काम बरोबर झालं.

गेल्या आठवड्यात मी दीड तास गायले, दोन गाण्यांत भरपूर रास्प होता. घरी येऊन दिवा लावायच्या आधीच तो 'ऊ' लावून बघितला. लागला, ताई, पहिल्या फुंकरीत, हवा न मिसळता. तुम्हाला फोन करायला रात्र फार झाली होती, म्हणून हे पत्र.

तुमची विद्यार्थिनी