शाखा न बदलण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही फोनवर अभ्यासाचे विचारता आणि मी ‘चांगला चालला आहे’ एवढेच सांगते. प्रथम वर्ष संपल्यावर गुणांच्या आधारे शाखा बदलता येते, आणि मी संगणक शाखेकडे वळावे असे मामांसह अनेकांनी तुम्हांला सुचवले आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. मला स्थापत्य अभियांत्रिकीतच राहायचे आहे आणि त्यासाठी तुमची मनापासून संमती हवी आहे.

पहिल्या वर्षी सर्व शाखांचे विषय जवळपास सारखेच असतात. कार्यशाळेत लोखंडाचा तुकडा कानशीने घासून, गुण्या लावून काटकोनात आणावा लागतो. अभियांत्रिकी आरेखनात एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ते काढायचे असते. आई, या विषयात मला चांगले गुण पडतात याचे श्रेय मी तुला देते, कारण सपाट कापडावर ब्लाउज बेतताना तो अंगावर कसा बसेल हे तू आधीच पाहतेस आणि ते बघतच मी वाढले.

बाबा, गणिताविषयी मात्र तुम्हांलाच सांगायचे आहे. कालव्याच्या आयताकृती खाचेवरून पाणी पडते, तेव्हा त्याचा वेग सर्व थरांत सारखा नसतो. तो पृष्ठभागापासूनच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समाकलनाने या सर्व थरांची बेरीज केली, तर विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात येतो. म्हणजे खाचेवर पाणी १५ सेंटिमीटरऐवजी ३० सेंटिमीटर उंच असेल, तर विसर्ग दुप्पट होत नाही, २.८३ पट होतो. (प्रत्यक्षात एका गुणकाने हा आकडा कमी करावा लागतो, पण प्रमाण तेच राहते.) नीरा उजव्या कालव्यावर नोकरी करताना पाण्याची उंची मोजणाऱ्या गेजपट्टीवरील एका बोटाच्या फरकासाठी तुम्ही चारीवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, पुन्हा चक्कर मारत होतात, त्याचे कारण मी वहीत स्वतः मांडून काढले, तेव्हा मला फार अभिमान वाटला. आता पायथॉन शिकत असल्याने वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांसाठी विसर्गाचा तक्ता तयार करणारी छोटी आज्ञावलीही मी लिहिली आहे. संगणकाची मला आवड आहेच. पण ती मला पाण्याच्या कामासाठी वापरायची आहे.

आपल्या घरात शेतकरी कालव्याचे पाणी मागण्यासाठी भरतात त्या सात नंबरच्या पाणी अर्जांचे गठ्ठे असत आणि शेजपाळी, म्हणजे पाणी मिळण्याची ठरलेली पाळी, चुकली की रात्रीसुद्धा माणसे दारात येत. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही याची तुम्हांला किती टोचणी असे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. पुण्याच्या ज्या अभियांत्रिकी संस्थेत (सीओईपी) मी शिकते तिची सुरुवात १८५४ साली झाली, आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथेच शिकले. खडकवासल्याला १९०३ साली बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना ठाऊक असतात, पण दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी आणलेल्या, जमिनीचे गट पाडून पाणी वाटण्याच्या ब्लॉक पद्धतीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मला ते काम अधिक मोलाचे वाटते, कारण धरण बांधल्यानंतर पाणी कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे हा प्रश्न त्यात सोडवायचा होता. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

मुलीने उन्हातान्हात साइटवर कसे उभे राहायचे, ही आईची काळजी मी समजू शकते. आमच्या वर्गात आणखीही मुली आहेत, आणि जलविज्ञानात प्रयोगशाळेतील व आराखड्याचे कामही भरपूर असते. तरीही क्षेत्रावर जावे लागेल हे मी लपवत नाही, कारण मला तेथे जायचेच आहे. पगार सुरुवातीला संगणकवाल्यांपेक्षा कमी असू शकेल. बाबांचे निवृत्तिवेतन आणि आईचे गुडघ्याचे उपचार यांचा विचार करून मी हे लिहीत आहे, आणि शिष्यवृत्तीचा अर्जही भरला आहे.

बाबा, तुमच्या जुन्या गेजनोंदींच्या वह्या माळ्यावर असतील तर वाळवीपासून जपून ठेवाव्यात. सुट्टीत आल्यावर त्यांतील आकडे माझ्या तक्त्याशी ताडून पाहू आणि आपली चारी टेलपासून मुखापर्यंत एकदा चालून येऊ. शाखेविषयी तुमचे म्हणणे त्याआधी पत्राने कळवावे.

तुमची,
धाकटी